ल्युसर्न: तळ्याकाठी तीन रात्री आणि डोंगराचं तिकीट आकाश बघून

ल्युसर्न समुद्रसपाटीपासून साधारण ४३५ मीटरवर आहे. सोलापूर साडेचारशेच्या थोडं वर. म्हणजे उंचीच्या हिशेबात आल्प्समधलं हे तळ्याकाठचं शहर आपल्यापेक्षा किंचित खालीच आहे. हा आकडा सगळ्यात आधी सांगायला हवा, कारण आपल्याकडून स्वित्झर्लंडला निघणारी बहुतेक कुटुंबं बॅग भरताना आठवडाभर बर्फातच राहायचंय असं धरून चालतात. जाड जॅकेटं, माकडटोप्या, लोकरीचे हातमोजे यांनीच बॅग भरते, आणि जुलैच्या दुपारी तळ्याकाठी पंचवीसेक अंश तापमान असतं, लोक पाण्यात पोहत असतात. थंडी गावात नाही, वर आहे. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं. जवळच्या पिलाटस डोंगराचा माथा २,१०० मीटरच्या पुढे आहे, म्हणजे गावापेक्षा दहा-अकरा अंश कमी. टिटलिस डोंगरावरचं केबल कारचं वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर आहे, तिथे सोळा-सतरा अंश कमी, शिवाय वारा. म्हणून एक भलं जाड जॅकेट नेण्यापेक्षा आत थर्मल, त्यावर हलका स्वेटर आणि वरून वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट असे तीन थर न्या. खाली आलं की दोन काढून पिशवीत टाकता येतात. साडी नेसणाऱ्यांनी आत थर्मल घालावं आणि पायात चपलेऐवजी पकड असलेले बूट घालावेत. टिटलिसवर भर उन्हाळ्यातही तुडवलेला, घट्ट झालेला बर्फ असतो आणि गुळगुळीत तळव्याची चप्पल त्यावर टिकत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या बहुतेक ग्रुप टूर ल्युसर्नला दोन-तीन तास देतात. बस श्वानेनप्लात्झ चौकात सोडते, लाकडी पुलावर फोटो, सिंहाचं शिल्प, घड्याळांची आणि चॉकलेटांची दुकानं, की पुन्हा बस. एवढ्यात शहर दिसतं, पण ल्युसर्न ज्यासाठी आहे ते हातात येत नाही. हे शहर म्हणजे एक ठाणं आहे. इथून तळ्यावर बोटी निघतात, तीन दिशांना तीन डोंगर आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकावर सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. अडचण एकच, ढग. टूरवाल्यांनी १४ तारखेला टिटलिस लिहिलं असेल तर १४ तारखेलाच जावं लागतं, मग वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसो वा न दिसो. आणि तिकिटाचे पैसे तर तेवढेच लागतात. स्वतः जाणाऱ्यांनी इथे किमान तीन रात्री ठेवाव्यात आणि कुठल्या दिवशी कुठला डोंगर हे आधी ठरवूच नये.

सोलापूरहून निघण्याचा हिशेब सोपा आहे. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, ते मध्यरात्रीनंतर सुटतं आणि सकाळी लवकर पोचतं. सकाळच्या वंदे भारतने मुंबई गाठली तरी हाताशी अख्खी दुपार आणि संध्याकाळ राहते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघालात तर पूर्ण दिवस मुंबईत काढावा लागतो. लहान मुलं असतील तर वंदे भारतच बरी. इथे एक चूक वारंवार होते: तिकिटावर १५ तारीख आणि रात्री एकची वेळ असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच पोचायचं असतं. रेल्वेचं तिकीट काढताना ही तारीख दोनदा तपासा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण मे महिन्याच्या सुट्टीसाठी फेब्रुवारीतच हालचाल करा, कारण पुणे-मुंबईच्या व्हीएफएस केंद्रांतल्या, म्हणजे जिथे व्हिसाचे अर्ज घेतात तिथल्या, वेळा भराभर भरतात. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, सहाच्या आतल्यांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविमा किमान ३० हजार युरोचा हवा, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध असावा आणि त्याला काढून दहा वर्षं उलटलेली नसावीत. दोन-तीन देश करणार असाल तर जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज जातो. पॅरिसला चार आणि स्वित्झर्लंडला तीन रात्री असताना स्विस अर्ज भरला तर तो परत येऊ शकतो.

झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून ल्युसर्न साधारण तासाभरावर. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर झुरिकच्या मुख्य स्टेशनवर बदलायची. स्टेशनवर आत जायला फाटक नसतं, तपासनीस गाडीत येतो. तिकीट गाडीत चढायच्या आधीच हवं, आणि मोबाइलवर काढत असाल तर गाडी हलण्याआधी खरेदी पूर्ण झालेली हवी. विनातिकीट सापडलात तर साधारण शंभर फ्रँकचा फटका बसतो, आणि परदेशी पाहुणे आहोत ही सबब चालत नाही. एसबीबीचं, म्हणजे स्विस रेल्वेचं, ॲप निघण्याआधीच मोबाइलवर घ्या. कुठली गाडी, कुठला फलाट, कुठे बदलायचं आणि बदलायला किती मिनिटं आहेत, हे सगळं त्यात दिसतं. पाच मिनिटांत गाडी बदलायची असं लिहिलं असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा पाच मिनिटं पुरतात. मात्र चार मोठ्या बॅगा असतील तर पुढची गाडी धरा.

ल्युसर्नचं स्टेशन शेवटचं आहे, रूळ तिथेच संपतात. बाहेर आलं की समोर जुन्या स्टेशनची दगडी कमान एकटी उभी दिसते. १९७१च्या आगीत जुनी इमारत गेली, प्रवेशद्वार उरलं, ते चौकात ठेवलंय. कमानीपलीकडे रस्ता ओलांडला की लगेच बोटींचे धक्के आणि तळं. उजव्या हाताला मोठ्या पसरट छताची इमारत म्हणजे केकेएल हे संगीतसभागृह, फ्रेंच वास्तुविशारद झाँ नूव्हेल यांनी बांधलेलं. डावीकडे पाच मिनिटं चाललं की लाकडी पूल. म्हणजे रेल्वे, बस, बोट आणि गाव, सगळं पाच मिनिटांच्या आत. हॉटेल निवडताना हे लक्षात ठेवा. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीत खोली मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. शहरात मुक्काम करणाऱ्यांना हॉटेल पाहुणा-कार्ड देतं, त्यावर शहराच्या मधल्या झोनमधल्या बस फुकट. ते मागून घ्या. सकाळी पोचलात तर खोली दुपारी तीनच्या आत मिळण्याची आशा धरू नका. बॅगा हॉटेलात ठेवा, किंवा स्टेशनच्या तळघरात लॉकर आहेत.

पहिल्या दिवशी डोंगर नको. रात्रभराची झोप झालेली नसते आणि घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे गेलेलं असतं. गाव पायी फिरा. जी गोष्ट आधी जाणवते ती शांतता. हॉर्न नाही. विजेवर चालणारी ट्रॉलीबस आवाज न करता मागून येते, म्हणून आपल्याकडच्यासारखा कानावर भरवसा ठेवून रस्ता ओलांडू नका. पट्ट्यांपाशी थांबा, गाडी थांबलीय हे बघा, मग उतरा. गाड्या खरंच थांबतात.

लाकडी पूल, कापेलब्र्युके, चौदाव्या शतकातला. तो नदीवरून सरळ नाही, तिरका जातो, कारण मुळात तो शहराच्या तटबंदीचा भाग होता. शेजारचा अष्टकोनी दगडी बुरूज पुलाच्याही आधीचा. तिथे कधी खजिना ठेवला गेला, कधी कैदी. छताखाली त्रिकोणी फळ्यांवर सतराव्या शतकातली चित्रं होती. ऑगस्ट १९९३मध्ये एका रात्री पूल पेटला आणि त्यांतली बहुतेक जळून गेली. एप्रिल १९९४मध्ये पूल पुन्हा उघडला, आठ महिन्यांच्या आत. आज चालताना मध्येच काळपट लाकूड, काही ठिकाणी रिकाम्या चौकटी दिसतात. सकाळी आठच्या आत किंवा रात्री जा. दहा ते पाच या वेळात टूरच्या गर्दीत पुलावर उभं राहणंही कठीण जातं.

पुलाच्या खालच्या अंगाला थोडं चाललं की एक गोष्ट आहे जिच्याजवळ आपल्या बस कधी थांबत नाहीत, आणि मला विचाराल तर सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने ती पाहिलीच पाहिजे. तळ्यातून रॉइस नदी बाहेर पडते तिथे पाणी अडवणारा सुयांचा बांध आहे. उजनीसारखे लोखंडी दरवाजे नाहीत. नदीत उभ्या लाकडी फळ्यांची रांग असते. तळं भरलं की माणसं त्या फळ्या हाताने एकेक उपसून काढतात, पाणी कमी झालं की पुन्हा खाली सोडतात. १८६०च्या आसपासची ही रचना अजून कामात आहे. ऑगस्ट २००५च्या पुरात गावात पाणी शिरलं, त्यानंतर शेजारी नवा जोडबांध घालून तिची ताकद वाढवली. तळं ११४ चौरस किलोमीटरचं, कमाल खोली २१४ मीटर, आणि त्याची पातळी राखण्यात हातांनी उचललेल्या फळ्यांचा अजून वाटा आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, डोंगरावरचा बर्फ वितळत असताना, फळ्या काढलेल्या असतात आणि पाण्याचा लोट बघण्यासारखा असतो. तिथेच दुसरा लाकडी पूल आहे, श्प्रॉयरब्र्युके. त्याची चित्रं बऱ्याच अंशी मूळची आहेत, विषय मृत्यू. पहिल्या पुलावर गर्दी असेल तर इथे निवांत उभं राहता येतं.

मुसेगची तटबंदी फुकट आहे, नऊ बुरूज, त्यांतले चार उन्हाळ्यात चढता येतात. हिवाळ्यात बंद. घड्याळाच्या बुरुजातलं यंत्र १५३५चं आहे आणि त्याला शहरातल्या इतर सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले द्यायचा मान आहे. पायऱ्या लाकडी आणि उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावं. सिंहाचं शिल्प १८२१चं, १७९२मध्ये पॅरिसच्या राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस पहारेकऱ्यांच्या स्मरणार्थ कड्यात कोरलेलं. पंधरा मिनिटं पुरतात.

आता डोंगर. रोज रात्री झोपण्याआधी हवामान पाहायचं, पण निर्णय सकाळी घ्यायचा. तिन्ही डोंगरांच्या माथ्यावर वेबकॅम आहेत आणि त्यांची चित्रं त्या त्या संकेतस्थळांवर फुकट दिसतात. सकाळी सात वाजता बघा. माथा स्वच्छ दिसत असेल तर नाश्ता आटपून लगेच निघा. उन्हाळ्यात सकाळ बहुधा स्वच्छ असते आणि दुपारी दोन-तीननंतर ढग चढतात, कधी गडगडाटी पाऊस. अकराला निघणारा माणूस वर पोचेपर्यंत ढगात जातो. खिडकीतून गावात धुकं दिसलं म्हणून मात्र बेत रद्द करू नका, वर लख्ख ऊन असू शकतं. वेबकॅम हाच खरा पुरावा.

तिघांत पहिला डोंगर रिगी धरा, उंची १,७९८ मीटर. धक्क्यावरून बोटीने फित्सनाऊला तासाभरात, बोटीतून उतरलं की शेजारीच दातेरी रुळांची गाडी उभी असते, ती अर्ध्या तासात माथ्यावर. मे १८७१मध्ये सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. वरून सगळं तळं, त्याचे फाटे आणि पलीकडची हिमशिखरं एकदम दिसतात. उतरताना त्याच वाटेने येऊ नका. काल्टबाडला गाडीतून उतरून केबल कारने वेगिसला या. केबल कारच्या खालच्या स्टेशनपासून धक्का दहा-पंधरा मिनिटं चालत आहे, उतार आहे. म्हणून हीच फेरी उलटी केली तर चढ लागतो. ज्येष्ठांबरोबर असाल तर मी सांगितलेलीच दिशा ठेवा.

पिलाटसची गाडी अल्पनाखश्टाडहून चढते, १८८९ची, आणि सर्वांत तीव्र जागी चढ ४८ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना अठ्ठेचाळीस मीटर वर. एवढ्या चढावर नेहमीचं उभं दातेरी चाक दात्यांवर चढून निसटलं असतं. म्हणून एडुआर्ड लोखर यांनी चाकं आडवी केली. मधल्या पट्टीला दोन्ही बाजूंनी दाते आणि डावी-उजवीकडून चाकांची पकड. चढण्याआधी खाली वाकून ती पट्टी बघा, मुलांना दाखवा. ही गाडी साधारण मे ते नोव्हेंबर चालते, बर्फात नाही. हिवाळ्यात दुसऱ्या बाजूने, क्रीन्सहून केबल कारने जावं लागतं. उन्हाळ्यात एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरा. क्रीन्सला उतरल्यावर बसथांबा जवळपास दहा मिनिटं चालत, तिथून १ क्रमांकाची बस थेट स्टेशनवर येते.

टिटलिसला बहुतेक भारतीय बर्फासाठी जातात. ते ठीकच आहे, मे-जूनमध्ये हमखास बर्फ हवा असेल तर इथेच. ल्युसर्नहून एंगेलबर्ग पाऊण तास, मग थोडं चालून केबल कार, शेवटचा टप्पा फिरत्या डब्यातून. पण साडेचारशे मीटरवरून तीन हजारावर दोन तासांत जायचं असतं. डोकं जड होणं, धाप लागणं स्वाभाविक आहे. वर पोचल्यावर पळू नका, मुलांना लगेच बर्फात सोडू नका, पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यासाठी रिगी पुरेसा सुंदर आहे. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना लागतं, तेव्हा गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. सोलापूरच्या उन्हात वाढलोय, आपल्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांचीही संध्याकाळपर्यंत नाकाची सालं निघतात.

आणि ढग खाली बसलेच तर? तेव्हा बोट. तळ्यावर पाच जुन्या वाफेच्या चाकबोटी अजून धावतात. सर्वांत जुनी उरी, १९०१ची, सर्वांत नवी श्टाट ल्युसर्न, १९२८ची. वेळापत्रकात चाकबोटींना वेगळं चिन्ह असतं, ते बघून बोट निवडा. मध्यभागी जमीन मोकळी ठेवलेली असते, खाली वाकलं की इंजिनाचे चकचकीत दांडे मागेपुढे होताना दिसतात. ल्युसर्नहून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, फ्ल्युएलेनला, जायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. शेवटचा फाटा अरुंद आहे, दोन्ही बाजूंना कडे सरळ पाण्यात उतरतात, आणि ढगाळ दिवशी तो भाग उन्हापेक्षाही देखणा दिसतो, असं माझं ठाम मत आहे. तिथून रेल्वेने तासाभरात परत. बोटीवर पांढरा टेबलक्लॉथ घातलेली टेबलं जेवणाऱ्यांसाठी असतात. स्वतःचा डबा खायचा असेल तर उघड्या डेकवरच्या बाकावर बसा. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, परतीची वेळ आधी टिपून ठेवा.

काठावर नारिंगी दिवे लुकलुकताना दिसले तर ती शोभा नाही. मिनिटाला साधारण ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याची सूचना, ९० वेळा म्हणजे वादळाचा इशारा. मोठ्या बोटी तुम्हाला नेतील-आणतील, पण पायडलची होडी भाड्याने घेतली असेल तर ताबडतोब काठाला या. दक्षिणेकडून येणारा फ्योन वारा निरभ्र आकाशातही अचानक लाटा उठवतो.

पासचा घोळ सगळ्यांचा होतो. स्विस ट्रॅव्हल पासवर देशभरातल्या रेल्वे, बस, बोटी आणि रिगी पूर्ण मोफत, पण पिलाटस आणि टिटलिसवर फक्त निम्मी सवलत. ६ ते १६ वर्षांची मुलं आईवडिलांपैकी एकाच्या पासवर मोफत फिरतात, त्यासाठी फॅमिली कार्ड मागून घ्यावं लागतं, ते आपोआप मिळत नाही. पण तुम्ही फक्त ल्युसर्नला तळ ठोकून तिन्ही डोंगर करणार असाल तर टेल पास बघा. तो या तळ्याच्या परिसरापुरता आहे आणि त्यात बोटी, रिगी, पिलाटस, टिटलिस सगळं येतं. झुरिक विमानतळाचं तिकीट मात्र वेगळं. सलग दिवसांचा पास कॅलेंडरच्या दिवसांनी मोजला जातो. दुपारी चारला पोचून त्याच दिवसापासून सुरू केलात तर एक दिवस वायाच गेला. पासवर नाव असतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. आणखी एक फायदा असा की पास असला की सकाळी सातच्या वेबकॅमवर बेत बदलायला काही खर्च येत नाही.

जेवण महाग आहे, हे खरं. एक फ्रँक शंभर रुपयांच्या पुढे गेलाय, आणि हॉटेलात बसून एका माणसाचं साधं जेवण २५ ते ३५ फ्रँक होतं. मिग्रोस आणि कोऑप ही सुपरमार्केटं आपली सोय करतात. फळं, दही, ब्रेड, तयार सॅलड मिळतं आणि बंद होण्याच्या सुमाराला उरलेल्या ताज्या मालावर सवलतीचं लेबल लागतं. पाणी विकत घेऊ नका. चौकाचौकांतल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, नसेल तिथे तशी पाटी असते.

शाकाहारी लोकांनी नीट विचारावं. रोश्टी म्हणजे बटाट्याचा किसून परतलेला पदार्थ, पण त्यात अनेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे, श्पेक, घालतात. तोच प्रकार मॅकरोनी, बटाटा आणि चीजच्या एल्प्लरमाग्रोनेनचा. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ म्हणजे मांस नको, श्पेक नको, एवढं सांगितलं की बहुधा करून देतात. सोबत सफरचंदाचा गोड मुरंबा येतो, तो नको म्हणू नका, चव त्यानेच जुळते. भाजीच्या सुपाचा रस्सा मांसाचा असू शकतो. फोंड्यूमध्ये पांढरी वाइन आणि चेरीची दारू असते. दारू न पिणाऱ्यांना हे कुणी आधी सांगत नाही. जेलीच्या गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन असतं.

म्हणून कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, आणि बरोबर शेंगा चटणी. पाण्याचा अंश नाही, आठवडे टिकते, आणि प्राणिजन्य काही नाही म्हणून सीमाशुल्कातही अडत नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. पेढे, खवा, पनीर, तूप, तुपातले लाडू घरीच ठेवा. आपली डाळिंबंही नकोत, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. भाकरी स्टीलच्या किंवा घट्ट प्लास्टिकच्या डब्यात रचा, पिशवीत टाकली तर ल्युसर्नला चुराच पोचतो. चटणीचं हवाबंद पाकीट तीन हजार मीटरवर फुग्यासारखं फुगतं, ते वर फोडायचं असेल तर हळूच. दही सुपरमार्केटमध्ये साधं, बिनसाखरेचं मिळतं. कडक भाकरी, चटणी, दही आणि रिगीवरचा बाक, दुपारचं जेवण झालं.

खोलीत बहुतेक ठिकाणी एसी नसतो आणि चहाची किटलीही नसते. जुलैत रात्री खिडकी उघडी ठेवून झोपावं लागतं. किटली न्यायची असेल तर हॉटेलला विचारून न्या. खोलीत स्वयंपाक मात्र नको, धुराचा इशारा देणारी घंटा वाजते आणि दंड होतो. प्लगचं नीट ऐका: आपली तीन गोल पिनांची खुंटी तिथे बसत नाही, आणि बाजारात ‘युरोपियन’ म्हणून मिळणारे जाड पिनांचे गोल अडॅप्टरही बसत नाहीत, कारण स्विस सॉकेट आत खोल असतं, बहुधा षट्कोनी. पातळ दोन पिनांचा मोबाइल चार्जर थेट जातो. लॅपटॉपसाठी खास स्विस अडॅप्टर घ्या. रात्री दहानंतर आवाज नको, हे तिथे फार मनावर घेतात. स्वच्छतागृहात पाण्याचा नळ-फवारा नसतो, बाटली जवळ ठेवा. स्टेशनवरची स्वच्छतागृहं पैसे घेतात, रेल्वेत आणि बोटीत फुकट.

फॉरेक्स कार्ड फ्रँकमध्ये भरा, युरोमध्ये नव्हे. दुकानाचं यंत्र ‘रुपयांत द्यायचे का’ असं विचारतं, तिथे नेहमी फ्रँक निवडा, नाहीतर दर वाईट लागतो. रविवारी दुकानं बंद, शनिवारीही चार-पाचला आटपतात. स्टेशनमधली दुकानं तेवढी उघडी असतात. अडचण आली तर पोलीस ११७, रुग्णवाहिका १४४, किंवा सगळ्यासाठी ११२.

महिना कुठला? आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत. मेचा उत्तरार्ध चांगला: पिलाटसची गाडी सुरू झालेली असते, टिटलिसवर भरपूर बर्फ, धबधबे भरलेले, आणि उजेड रात्री नऊपर्यंत. पाऊस येईल, तेव्हा छत्री हवी. ल्युसर्नला वर्षभरात सोलापूरपेक्षा बराच जास्त पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा उन्हाळ्यातला आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संगीत महोत्सव आणि फेब्रुवारीच्या सुमाराला फास्नाख्टचा उत्सव असतो, त्या दिवसांत खोल्या महाग आणि दुर्मीळ.

दिवाळीची सुट्टी अवघड. ऑक्टोबरच्या अखेरीपासून केबल कार वार्षिक देखभालीसाठी आळीपाळीने बंद होतात, तारखा प्रत्येक डोंगराच्या संकेतस्थळावर दिलेल्या असतात, तिकीट काढण्याआधी त्या बघा. गावात दिवसचे दिवस करडं धुकं बसतं. ते वरपर्यंत नसतं. स्विस हवामान खात्याच्या ॲपमध्ये धुक्याची वरची कड किती मीटरवर आहे ते दिलेलं असतं. आकडा १,२०० च्या आत असेल तर रिगीचा माथा उन्हात आहे असं समजा आणि पहिल्या बोटीने निघा. १,८०० च्या पुढे असेल तर त्या दिवशी तळ्याकाठचं वाहतूक संग्रहालय बघा. जुनी इंजिनं, विमानं, बोटी यांत मुलांचा अख्खा दिवस जातो.